आजपासून विक्रीला

११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये सेगा कंपनीचे अमेरिकेतले प्रमुख टॉम कॅलिन्स्की भाषणाला उभे राहिले. समोर पत्रकार होते, प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसे होती आणि देशभरातल्या दुकानांसाठी खरेदी करणारे अधिकारी होते. सेगाचे 'सॅटर्न' हे नवे यंत्र २ सप्टेंबरला, शनिवारी, बाजारात येणार हे साऱ्यांना तोंडपाठ होते. कॅलिन्स्कींनी सांगितले की सप्टेंबरची वाट पाहायला नको. सॅटर्न आजपासूनच विक्रीला आहे, किंमत ३९९ डॉलर, आणि ठरावीक दुकानांत माल पोहोचलाही आहे. त्या वेळच्या दराने ही रक्कम साडेबारा हजार रुपयांच्या घरात जात होती.

त्यानंतर सोनीच्या कार्यक्रमात त्या कंपनीचे अधिकारी स्टीव्ह रेस हातात कागदांची चळत घेऊन आले. कागद त्यांनी समोर ठेवले, "दोनशे नव्याण्णव" एवढेच म्हटले आणि ते माघारी वळले. सभागृह टाळ्यांनी दणाणले. सोनीचे 'प्लेस्टेशन' अमेरिकेत यायला अजून चार महिने होते, पण ते शंभर डॉलरने स्वस्त असणार हे त्या क्षणी ठरून गेले.

आता पंचवीस वर्षे पुढे येऊ. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोने आपल्या एका ऑनलाइन कार्यक्रमात पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम दाखवला आणि तोही त्याच दिवसापासून विक्रीला असल्याचे जाहीर केले. इथे सभागृह नव्हते, दुकानांचे अधिकारी नव्हते, टाळ्याही नव्हत्या. कोविडने जग घरात बसले होते. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या एका भारतीय मुलीची ही कथा जगातल्या कोणत्याही निन्टेन्डो स्विच बाळगणाऱ्याला घरबसल्या उतरवून घेता येत होती.

एकच घोषणा, दोनदा झालेली. पहिल्या वेळी तिने एका बलाढ्य कंपनीला घायाळ केले. दुसऱ्या वेळी एका अनोळखी चमूला जगापुढे आणले. या दोहोंच्या मध्ये एका भव्य व्यापारी मेळ्याचा जन्म, भरभराट आणि शेवट आहे. त्या मेळ्याचे नाव 'इलेक्ट्रॉनिक एंटरटेनमेंट एक्स्पो', बोलीत 'ई-थ्री'. कॅलिन्स्की आणि रेस बोलले तो त्याचा पहिलाच दिवस होता.

हे मी रायपूरच्या समता कॉलोनीत बसून लिहितो आहे. १९९५ मध्ये हे गाव मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड राज्य व्हायला पाच वर्षे बाकी होती. सामान्य माणसासाठी भारतात इंटरनेट सुरू झाले तेच त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला, आणि तेही मोजक्या महानगरांत. आमच्याकडे गेम म्हणजे टीव्हीला तार जोडायची, 'कॅसेट' खोचायची, आणि चित्र अडले की ती काढून तिच्या पट्टीवर फुंकर मारायची. बहुतेक यंत्रे निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या नकला. त्या कॅसेटीत काय असावे हे दूर कुठल्या तरी मांडवात ठरते, याची आम्हाला कल्पना असण्याचे कारणच नव्हते. पण ठरत तिथेच होते.

मांडव हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा आहे. ई-थ्रीच्या आधी गेमवाल्यांचा स्वतःचा मेळा नव्हता. ते 'कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो' या मोठ्या प्रदर्शनात जात. ते वर्षातून दोनदा भरे, हिवाळ्यात लास वेगासला आणि उन्हाळ्यात शिकागोला. तिथे मान होता टीव्ही, स्टिरिओ आणि टेलिफोनला. गेम म्हणजे पोरांची खेळणी, म्हणून त्यांना मागच्या कोपऱ्यात जागा मिळे. नव्वदीच्या सुरुवातीला लास वेगासला सेगाची रवानगी मुख्य इमारतीबाहेरच्या तंबूत झाली. त्या दिवशी पाऊस पडला, तंबू गळला आणि पाणी थेट सेगाच्या यंत्रांवर पडले. पुन्हा इथे यायचे नाही, असे आपण तेव्हाच ठरवले, ही आठवण कॅलिन्स्कींनी पुढे मुलाखतींत सांगितली आहे.

अपमानाने माणूस उठून जातो खरा, पण नवे घर बांधायला त्याला सोबती लागतात. ते मिळाले एका वेगळ्याच संकटामुळे. ९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्बर्ट कोल या सदस्यांनी 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या गेममधल्या हिंसेवर सुनावणी घेतली. सेगा आणि निन्टेन्डोच्या प्रतिनिधींनी सिनेटरांसमोरच एकमेकांवर दोष ढकलले. सरकारी कायदा येणार असे दिसताच हेच हाडवैरी एकत्र आले. १९९४ मध्ये त्यांनी उद्योगाची संघटना काढली आणि कोणता गेम कोणत्या वयासाठी हे ठरवणारे मंडळही उभे केले. हीच संघटना पुढे 'एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशन' म्हणून ओळखली गेली. संघटना चालवायला पैसा लागतो. गेमविषयक मासिके काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेचे पॅट फेरेल स्वतंत्र मेळ्याची कल्पना घेऊन आले, तेव्हा दोघांच्याही गरजा जुळल्या. जुन्या प्रदर्शनाच्या चालकांनी १९९५ च्या त्याच मे महिन्यात फिलाडेल्फियाला गेमसाठी वेगळे प्रदर्शन जाहीर करून पाहिले, पण कंपन्या लॉस एंजेलिसकडे वळल्या आणि फिलाडेल्फियाचा बेत बारगळला.

तरीही एक प्रश्न उरतो. एवढा खर्च करून सगळ्यांनी एका छपराखाली जमायचे कशासाठी? याचे उत्तर दुकानाच्या फळीवर होते.

अमेरिकेत गेमची मोठी विक्री नाताळाच्या तोंडावर होते. दुकानातली फळी मर्यादित, तिच्यावर काय लावायचे हे उन्हाळ्यातच ठरवावे लागे, कारण कॅसेटी जपानमध्ये बनत, आगाऊ पैसे भरावे लागत आणि माल जहाजाने येई. १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला तेव्हा न विकलेल्या मालाचे ढीग दुकानदारांच्याच गळ्यात पडले होते. तो धडा ते विसरले नव्हते. म्हणून त्यांना माल हातात घेऊन, खेळून, शेजारच्या कंपनीच्या मालाशी ताडून मगच मागणी नोंदवायची होती. आमच्याकडे महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजिमला माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मेळा भरतो. दर्शनाला आलेला माणूस वर्षभर लागणाऱ्या चार वस्तूही घेऊन परततो. मेळ्याचे मूळ असे असते: सगळे एकाच वेळी एकाच जागी येणार, ही खात्री. ई-थ्रीनेही हीच खात्री विकली.

सॅटर्नचा घात याच ठिकाणी झाला. 'आजपासून' म्हणताना माल चारच साखळ्यांच्या दुकानांत पोहोचला होता. बाकीचे खरेदीदार सभागृहात बसून ऐकत होते की आपल्याला वगळले आहे. 'केबी टॉइज' या मोठ्या साखळीने चिडून सॅटर्न फळीवर लावायलाच नकार दिला. गेम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्याही सप्टेंबर धरून काम करत होत्या, त्यामुळे यंत्र आले तरी खेळायला पुरेसे गेम नव्हते. हा निर्णय जपानमधल्या मुख्यालयाचा होता. कॅलिन्स्कींना तो मान्य नव्हता आणि पुढच्या वर्षी त्यांनी सेगा सोडली. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवणेच थांबवत असल्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या घसरणीचे खापर एका भाषणावर फोडणे योग्य होणार नाही. पण दुकानदाराला गृहीत धरले की काय होते, हे त्या दिवसाने उद्योगाला शिकवले.

पुढची दहा वर्षे मेळा फुगत गेला. मधली दोन वर्षे तो अटलांटाला गेला आणि परत आला. मांडणीसाठी कंपन्या लाखो डॉलर ओतू लागल्या. प्रचंड पडदे, कानठळ्या बसवणारा आवाज, नाचगाणी. २००६ मध्ये सुमारे ६० हजार माणसे आली, आणि त्यांत खरेदी करणारे किती व गंमत पाहायला आलेले किती हे सांगणे अवघड झाले. मोठ्या कंपन्यांनी हिशेब मांडला आणि त्याच उन्हाळ्यात मेळा आटोपता घेण्याचा निर्णय झाला. २००७ मध्ये सांता मोनिकाच्या हॉटेलांत, फक्त निमंत्रितांसाठी, विखुरलेला मेळा भरला. २००८ मध्ये तो जुन्या जागी आला तो इतका ओस की पाच हजारच माणसे फिरत होती. गोंगाट नको म्हणणाऱ्यांना शांतताही मानवली नाही. २००९ मध्ये पुन्हा जुना थाट सुरू झाला.

माझ्या मते ई-थ्रीच्या शेवटाची चाहूल या दोन वर्षांतच लागायला हवी होती. मेळा लहान केला तर कोणी येत नाही आणि मोठा केला तर परवडत नाही, याचा अर्थ मेळ्याचे मूळ काम संपत आले होते. त्याच सुमारास फळी नाहीशी होऊ लागली होती. २००३ मध्ये 'स्टीम' हे गेमचे ऑनलाइन दुकान सुरू झाले आणि काही वर्षांत संगणकावरचे गेम तारेतून घरी येऊ लागले. २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले. ज्या दुकानदारासाठी मांडव घातला होता, त्याच्याकडे दुर्लक्ष करूनही माल विकता येतो, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. ऑक्टोबर २०११ मध्ये निन्टेन्डोने 'निन्टेन्डो डायरेक्ट' ही चित्रफितींची मालिका सुरू केली. मधे ना पत्रकार, ना सभागृह. २०१३ मध्ये तर निन्टेन्डोने ई-थ्रीतली आपली मोठी सभाच सोडून दिली.

त्याच २०१३ ने मेळ्याची ताकदही शेवटची दाखवली. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या आपल्या नव्या यंत्राची किंमत ४९९ डॉलर सांगितली. जुने गेम विकण्या-देण्यावर कंपनीने घातलेल्या बंधनांनी लोक आधीच संतापले होते. संध्याकाळी सोनीने प्लेस्टेशन ४ ची किंमत ३९९ सांगितली आणि बंधने नाहीत हेही सांगितले. अठरा वर्षांपूर्वीसारख्याच टाळ्या पडल्या. दोन प्रतिस्पर्धी एकाच दिवशी एकाच गावात बोलले म्हणूनच ती तुलना इतकी धारदार झाली. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने ती बंधने मागे घेतली. मेळा भरल्याने खेळणाऱ्याच्या पदरात काही पडल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही.

त्यानंतर उतार सुरू झाला. २०१६ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स'ने मेळ्यातली जागा सोडून शेजारी स्वतःचा कार्यक्रम केला. २०१७ मध्ये सामान्य लोकांना १५ हजार तिकिटे विकण्यात आली. गर्दी ६८ हजारांवर गेली, पण व्यापाऱ्याला बोलायला जागा उरली नाही आणि चाहत्याला तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागले. २०१९ मध्ये सोनी आलीच नाही. त्याच वर्षी मेळ्याला नोंदणी केलेल्या दोन हजारांहून अधिक पत्रकारांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक संघटनेच्या संकेतस्थळावर उघडे सापडले. २०२० चा मेळा कोविडने रद्द झाला, २०२१ चा ऑनलाइन झाला, २०२२ ला काहीच झाले नाही. २०२३ च्या जूनसाठी नवे चालक नेमून तयारी केली, तर सोनी, निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही येण्याचे टाळले आणि ३० मार्चला तोही रद्द झाला. १२ डिसेंबर २०२३ रोजी संघटनेने ई-थ्री कायमचा बंद झाल्याचे जाहीर केले.

कोविडने मारले, असे अनेकांनी लिहिले. मला ते पटत नाही. त्याच कोविडातून जर्मनीतले कोलोनचे 'गेम्सकॉम' आणि टोकियोचा गेम शो सावरले. गेम्सकॉमला २०२४ मध्ये ३ लाख ३५ हजार माणसे आली. तिथे व्यापाऱ्यांची दालने वेगळी आणि लोकांची वेगळी, आणि टोकियोत दिवसच वेगळे, हे पहिल्यापासून ठरलेले आहे. दर्शनाची रांग आणि बाजाराची गल्ली एकमेकींत घुसत नाहीत. ई-थ्रीने हे वीस वर्षे मनावर घेतले नाही.

आणखी एक मेळा टिकला आहे, तो वेगळ्याच कारणाने. १९८८ मध्ये सॅन होजेला क्रिस क्रॉफर्ड या गेमकाराने आपल्या घराच्या बैठकीत सत्तावीसेक गेमकारांना बोलावले. विकायला काही नव्हते. आपापले काम दाखवायचे, कुठे अडले ते विचारायचे. त्या बैठकीतून 'गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स' वाढली आणि ती आजही सॅन फ्रान्सिस्कोत भरते. दुकानदार गेला तरी तिचे काही अडले नाही, कारण ती दुकानदारासाठी नव्हतीच.

आता पुण्याकडे वळू, कारण मराठी मुलुखात मेळा हवा की नको या प्रश्नाची खरी परीक्षा तिथे झाली आहे.

पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा तिचा गाजलेला गेम २००३ च्या ई-थ्रीत लोकांनी हातात घेऊन खेळून पाहिला होता आणि समीक्षकांनी तिथेच त्याला उचलून धरले होते. तोच गेम नव्याने बनवण्याचे काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आले. भारतात एवढे मोठे काम क्वचितच आले होते. १० सप्टेंबर २०२० रोजी युबिसॉफ्टने आपल्या ऑनलाइन कार्यक्रमात त्याची झलक दाखवली. ती पाहून चित्रांच्या दर्जावर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवण्यात आले. एका चित्रफितीवरून सगळा निवाडा झाला. मूळ गेमला मिळालेली, पाहुण्याच्या हातात देऊन "खेळून बघा" म्हणण्याची संधी या मुलांना मिळाली नाही. मिळाली असती तर निकाल बदलला असता असे मी म्हणणार नाही. पण ती संधी म्हणजे काय असते, हे २००३ आणि २०२० या दोन वर्षांची तुलना सांगते.

'राजी'ची गोष्ट याच्या उलट बाजूने जाते. २०१७ मध्ये त्या चमूने लोकवर्गणीचा प्रयत्न केला तो फसला. घर विकून पैसा उभा करण्यापर्यंत पाळी आली. पहाडी शैलीतल्या चित्रांसारखी रंगसंगती, राजस्थानी महालांसारख्या इमारती, बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेली कथा आणि दुर्गा व विष्णूच्या आवाजातले निवेदन, असा गेम घेऊन हे लोक जगाचे दार ठोठावत राहिले. अखेर दार उघडले ते निन्टेन्डोच्या पडद्यावर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये स्वतंत्र गेमकारांच्या पहिल्या कामासाठीच्या पाच नामांकनांत 'राजी' होता. पण निन्टेन्डोच्या पडद्यावर कोणाला जागा द्यायची हे निन्टेन्डोच ठरवते. मेळ्यात निदान तुम्ही तिकीट काढून आत जाऊन कोणाची तरी बाही ओढू शकत होता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बड्या कंपन्यांना वार्षिक महामेळ्याची गरज उरलेली नाही. त्यांचा आवाज घराघरात पोहोचतो. गरज आहे ती छोट्यांना, आणि त्यांना हवा असलेला मेळा ई-थ्रीसारखा नाही, क्रॉफर्डच्या बैठकीसारखा आहे. नॅसकॉमची गेमकारांची परिषद २०१३ मध्ये पुण्यात भरली होती. पुढे ती हैदराबादला गेली आणि 'इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स' या नावाने वाढली. महाराष्ट्र दिनी, १ मे २०२५ रोजी, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पंतप्रधानांच्या हस्ते 'वेव्ज'चे उद्घाटन झाले. चित्रपट, ॲनिमेशन आणि गेम यांचा तो चार दिवसांचा सरकारी मेळा होता. त्यात महाराष्ट्र सरकारने आठ हजार कोटी रुपयांचे सामंजस्य करार केल्याचे जाहीर झाले. आकडा मोठा आहे. पण मुंबईच्या मेळ्याचे यश मी कराराच्या रकमेवर मोजणार नाही. दोन-चार मुलांनी खोलीत बसून बनवलेला गेम कोणा अनुभवी माणसाने तिथे अर्धा तास खेळून पाहिला का, आणि चुका सांगितल्या का, यावर मोजेन.

हे काम करायला वांद्रे-कुर्ला संकुलच लागते असेही नाही. आमच्या कॉलोनीला लागूनच चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. नाटक, व्याख्यान, गणपती यांसाठी आपण तिथे जमतोच. रायपूर, बिलासपूर, नागपूरच्या मंडळींना माझी विनंती आहे की वर्षातली एक संध्याकाळ गेम बनवणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावी. चार टेबले, विजेची जोडणी आणि खेळून पाहायला तयार असलेली वीस-पंचवीस माणसे, एवढे पुरेल. क्रॉफर्डच्या घरी पहिल्या दिवशी याहून जास्त काही नव्हते.